जिल्हा कोर्टातला सभापती : दादासाहेब मावळंकर



लोकसभेचे पहिले सभापती कोण, हा स्पर्धा परीक्षेतला एका गुणाचा प्रश्न आहे. गणेश वासुदेव मावळंकर, असं उत्तर मुलं चटकन देतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. मोठ्यांची गत काही फार वेगळी नाही. महाराष्ट्राला मावळंकर गुजरातचे वाटतात, गुजरातेत आडनाव ऐकून लोक त्यांना मराठी ठरवतात, आणि दोन्हीकडचे लोक त्यांच्या जयंती-पुण्यतिथीची काळजी दुसऱ्यावर सोपवून मोकळे होतात.

या वर्षी वकिलीतून विधिमंडळात गेलेल्या एखाद्या माणसावर बोला, असं आयोजकांनी सुचवलं. बॅरिस्टरांची तर रांगच उभी होती. ती सोडून मी अहमदाबादच्या जिल्हा कोर्टातल्या या वकिलाकडे वळलो. आज आपल्या विधानसभेत जे वाद चालले आहेत, त्यातल्या दोन मोठ्या वादांचा माग काढत गेलं, तर तो मावळंकरांपाशी जाऊन पोचतो. त्यांचं मोठेपण सांगणार आहेच, पण त्यांनी अर्धवट सोडलेलं एक काम आपल्याला महागात पडलं आहे, तेही सांगणार आहे.

घराणं रत्नागिरी जिल्ह्यातलं, संगमेश्वरजवळच्या मावळंगे गावचं. जन्म बडोद्याचा, २७ नोव्हेंबर १८८८. शाळा राजापूर आणि मुंबई इलाख्यातल्या इतर गावी झाली, आणि १९०२ मध्ये पुढच्या शिक्षणासाठी ते अहमदाबादला आले ते तिथलेच झाले. अहमदाबादेत मराठी माणूस नवा नव्हता. पेशवे आणि गायकवाड या दोघांनी मिळून त्या शहरावर अर्धशतकाहून अधिक काळ अंमल केला होता. गुजरात कॉलेजातून शास्त्र विषय घेऊन १९०८ साली ते बी.ए. झाले, वर्षभर तिथेच दक्षिणा फेलो राहिले, १९१२ मध्ये कायद्याची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले आणि १९१३ मध्ये वकिलीला लागले.

त्याच वर्षी विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले आणखी एक गृहस्थ अहमदाबादच्या कोर्टात उभे राहू लागले. वल्लभभाई पटेल. उंची सूट, किंचित कलती फेल्ट हॅट, बोलणं थोडं आणि तिखट. दोघांची संध्याकाळ भद्र किल्ल्याजवळच्या गुजरात क्लबात जाई. तिथला एक प्रसंग मावळंकरांनीच सांगून ठेवला आहे. दक्षिण आफ्रिकेतून आलेले गांधी क्लबात बोलायला येणार होते. वल्लभभाई ब्रिजच्या टेबलाशी होते. मावळंकर ऐकायला जायला उठले, तेव्हा वल्लभभाईंनी टोमणा मारला : तो काय विचारणार हे मी आत्ताच सांगतो, गव्हातले खडे निवडता येतात का म्हणून विचारेल, आणि म्हणे त्यातून स्वराज्य मिळणार! मावळंकर तरीही गेले. पुढे दोन-तीन वर्षांतच वल्लभभाई कुठे जाऊन पोचले ते आपण जाणतो. मला त्या प्रसंगात मावळंकरांचा स्वभाव दिसतो. थट्टा करणाऱ्याशी वाद घातला नाही, रागावून टेबल सोडलं नाही. समोरच्याचं ऐकून घ्यायचं ठरवलं होतं, ते घेतलं.

इथे बसलेल्या वकील मंडळींना हे वेगळं सांगायला नको की जिल्हा कोर्टातली वकिली हायकोर्टातल्या वकिलीपेक्षा निराळं शिक्षण देते. हायकोर्टात कायद्याचा मुद्दा लढतो. तालुक्या-जिल्ह्यात माणसं लढतात. बांधाचा वाद, गहाणखत, वाटणी, पोटगी. सकाळी ज्या वकिलाने आपल्या साक्षीदाराची उलटतपासणी घेतली त्याच्याच शेजारी संध्याकाळी बसायचं असतं, आणि आजच्या विरुद्ध पक्षकाराचा भाऊ उद्या आपलाच अशील म्हणून यायचा असतो. अशा ठिकाणी जो विरुद्ध बाजूची कैफियत आपल्या दाव्याइतक्याच बारकाईने वाचत नाही, तो टिकत नाही. मावळंकर या धंद्यात दीर्घकाळ होते. मधे तुरुंगवाऱ्यांचे खंड पडले. एकूण सुमारे सहा वर्षं त्यांनी तुरुंगात काढली असावीत. आपल्या वकिलीच्या आठवणी त्यांनी इंग्रजीत पुस्तकरूपाने लिहून ठेवल्या आहेत. राजकारणी माणूस आत्मचरित्रात सहसा कोर्टाला दोन पानं देतो. यांनी कोर्टासाठी पुस्तक वेगळं काढलं.

गुजरात सभेचे चिटणीस म्हणून १९१६ पासून ते सार्वजनिक कामात होते. दोनच वर्षांत खेडा सत्याग्रह आला. त्या लढ्याचा गाभा आणेवारीचा, म्हणजे पीक सोळा आण्यांपैकी किती आलं या हिशेबाचा होता, हे शेतीचे दावे चालवणाऱ्यांच्या लगेच ध्यानात येईल. नियम असा होता की पीक चार आण्यांच्या आत आलं तर त्या वर्षीचा सारा पूर्ण तहकूब मागता येतो. रयत म्हणे पीक चार आण्यांच्या आत आहे, सरकारी अधिकारी म्हणत जास्त आहे. म्हणजे कायदा दोघांनाही मान्य होता, भांडण वस्तुस्थितीचं होतं, आणि तिची निष्पक्ष चौकशी करायला सरकार तयार नव्हतं. सत्याग्रह म्हटला की आपल्याला मोर्चे आठवतात. इथे आधी गावोगावची पिकं मोजणं, जबान्या घेणं, अर्ज लिहिणं हे वकिली काम होतं.

पुढे १९१९ पासून १९३७ पर्यंत, मधली काही वर्षं सोडून, ते अहमदाबाद नगरपालिकेत निवडून येत राहिले आणि नगराध्यक्षही झाले. गटारं, नळ, शाळा, कर. या भागाची फार चर्चा कोणी करत नाही, मीही पुढे जातो. तुरुंगात त्यांना भेटलेल्या कैद्यांच्या हकिगती त्यांनी गुजरातीत लिहिल्या. ‘मानवतानां झरणां’ हे ते पुस्तक. राजकीय कैदी सहसा आपल्या तुरुंगवासाविषयी लिहितो. मावळंकर चोर, खुनी, दरोडेखोर यांच्याजवळ जाऊन बसले आणि त्यांची बाजू त्यांनी टिपून घेतली. वकिलाची सवय तुरुंगातही सुटली नव्हती.

आता १९३७. नव्या कायद्याखाली मुंबई विधानसभा निवडून आली, काँग्रेसचे बाळासाहेब खेर पंतप्रधान झाले (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणत), आणि जुलैत पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये मावळंकर अध्यक्षपदी निवडले गेले. समोर विरोधी बाकांवर स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मावळंकरांच्या मूळ जिल्ह्याशी थेट संबंध असलेलं विधेयक आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मांडलं : खोती, म्हणजे कोकणातली खोतांची जमीनदारी, नष्ट करण्याचं. ते विधेयक त्या विधानसभेत मंजूर झालं नाही आणि त्याचं उत्तरदायित्व सत्ताधारी काँग्रेसकडे जातं, अध्यक्षाकडे नव्हे. पण एक लक्षात घ्या. अध्यक्षपदाचं खरं शिक्षण विरोधक देतो. जो विरोधक नियमाचं पुस्तक सत्ताधाऱ्यांपेक्षा चांगलं वाचून येतो, त्याच्यासमोर अध्यक्षाला ऐनवेळी काही सुचवून भागत नाही. मावळंकरांना अशा तोडीचा विरोधक पहिल्याच सभागृहात मिळाला, हे त्यांचं भाग्य.

२४ जानेवारी १९४६ रोजी ते दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष झाले. सरकारचा पाठिंबा असलेले सर कावसजी जहांगीर विरुद्ध उभे होते. मतं पडली ६६ आणि ६३. त्याआधी १९२५ मध्ये याच पदाची पहिली निवडणूक विठ्ठलभाई पटेलांनी ५८ विरुद्ध ५६ अशी जिंकली होती. विठ्ठलभाईही मुफसल कोर्टातून वर आलेले, बोरसद-गोध्र्याकडे वकिली केलेले. दोन आणि तीन मतांच्या फरकाने निवडून आलेल्या या दोन जिल्हा वकिलांनी आपल्या संसदेची मांडणी केली, असं मी म्हटलं तर इतिहासकारांनी फार रागावू नये.

आता पंढरपूर. हा भाग दिल्लीच्या चरित्रकारांकडून सहसा सुटतो. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून पंढरपुरात प्राणांतिक उपोषण मांडलं. महाराष्ट्र ढवळून निघाला होता. मंदिराचे पुजारी असलेल्या बडव्यांचं म्हणणं वेगळं, सनातन्यांचं आणखी वेगळं, आणि उपोषणाच्या मार्गाबद्दल खुद्द गांधीजींच्या मनात शंका होती. अशा वेळी मध्यवर्ती कायदेमंडळाचा अध्यक्ष असलेला माणूस पंढरपूरला येतो आणि दोन्ही बाजूंशी बोलतो. देवळाचे हक्क, पूजेचे हक्क, परंपरेने चालत आलेल्या वहिवाटी हे सगळं जिल्हा कोर्टात वर्षानुवर्षं चालणाऱ्या दाव्यांचं साहित्य आहे, आणि त्या भाषेत बडव्यांशी बोलू शकणारा माणूस हवा होता. मावळंकरांच्या मध्यस्थीने बडवे राजी झाले आणि दहाएक दिवसांनी गुरुजींचं उपोषण सुटलं. एखाद्या तडजोडीच्या हुकूमनाम्यात दोन्ही पक्षांनी सही करावी आणि तरी ज्याचा न्याय्य हक्क आहे त्याला तो मिळावा, हे साधणं फार अवघड. मावळंकरांनी आयुष्यात केलेलं हे सर्वांत मोठं वकिली काम आहे असं माझं मत आहे, आणि त्याची फी त्यांनी कोणाकडून घेतली नाही.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, १४ ऑगस्टच्या मध्यरात्री, ते ज्या कायदेमंडळाचे अध्यक्ष होते ते संपलं. आता घटना समितीलाच कायदेही करायचे होते. एकच सभागृह दोन कामं करणार, मग अध्यक्ष कोण, मंत्री कुठे बसणार, नियम कोणते? हा पेच सोडवायला समिती नेमली तिचे प्रमुख मावळंकरच. त्यांनी काम वाटून दिलं : घटना तयार करताना राजेंद्रप्रसाद अध्यक्ष, कायदे करताना वेगळा सभापती. १७ नोव्हेंबर १९४७ रोजी त्या जागी तेच निवडले गेले. पुढे हंगामी संसद, आणि १५ मे १९५२ रोजी पहिली लोकसभा. त्या दिवशी त्यांच्याविरुद्ध विरोधकांनी उभे केलेले उमेदवार शंकरराव मोरे होते, शेतकरी कामगार पक्षाचे, व्यवसायाने वकीलच. मावळंकरांच्या बाजूने ३९४ मतं, विरुद्ध ५५. त्या ३९४ मध्ये एक मत खुद्द मोऱ्यांचं होतं. एकमेकांविरुद्ध उभ्या असलेल्यांनी एकमेकाला मत द्यायचं, ही जुनी रीत त्यांनी पाळली. निवडणूक आणि वैर यांत तेव्हा एवढं अंतर होतं.

मावळंकरांच्या कामातलं सर्वांत टिकाऊ काय, असं विचाराल तर मी भाषणं दाखवणार नाही, समित्या दाखवीन. अंदाज समिती १९५० ची. दुय्यम विधिविधान समिती, खासगी विधेयकांची समिती, आश्वासन समिती या १९५३ च्या. यांतली आश्वासन समिती मला फार आवडते. तुम्ही सभागृहाचं कामकाज कधी प्रेक्षागृहात बसून ऐकलं असेल तर मंत्र्यांची उत्तरं आठवा. ‘माहिती मागवून पटलावर ठेवण्यात येईल.’ ‘प्रकरण तपासून उचित कार्यवाही करू.’ ‘हा विषय विचाराधीन आहे.’ प्रश्न विचारणारा खाली बसतो आणि विषय तिथेच मिटतो. मावळंकरांनी ठरवलं की मंत्री सभागृहात जे बोलतो ते वकिलाने न्यायालयात दिलेल्या हमीसारखं धरायचं. मग त्या वाक्यांची नोंद करायची, तारीख टाकायची, आणि समितीने खात्याला विचारायचं : अमुक तारखेला तुमचे मंत्री असं म्हणाले, पुढे काय झालं? पुढे राज्यांच्या विधिमंडळांतही अशा समित्या निघाल्या. त्या किती मनापासून काम करतात, यावर वेगळं व्याख्यान ठेवा.

वटहुकुमांबद्दल त्यांचं सरकारशी कधी जमलं नाही. २५ नोव्हेंबर १९५० रोजी त्यांनी संसदीय कामकाज मंत्र्यांना पत्र लिहून कळवलं की वटहुकूम काढणं ही पद्धत मुळातच लोकशाहीला धरून नाही, आणि फक्त वेळेचा अभाव हे त्याचं कारण होऊ शकत नाही. नेहरूंशीही त्यावर पत्रव्यवहार झाला. १९५४ मध्ये पुन्हा लिहिलं. पक्ष एक, पंतप्रधान आपला, मैत्री जुनी, आणि तरीही लेखी तक्रार. फौजदारीत सरकारी वकिलाशी गाठ पडलेल्या माणसाला सरकार आपल्या पक्षाचं आहे एवढ्यावरून त्याचं म्हणणं खरं मानायची सवय नसते.

आता त्यांच्या उण्या बाजू. स्थगन प्रस्ताव त्यांनी फार कडक करून टाकले. १९५० च्या निर्णयात त्यांची भूमिका अशी होती की परक्या सरकारला झोडपण्यासाठी ते हत्यार होतं, आता सरकार लोकांना जबाबदार आहे, तेव्हा ते सर्रास वापरू देता येणार नाही. तर्क सुसंगत आहे, पण निष्कर्ष मला पटत नाही. ३६४ जणांच्या सत्ताधारी पक्षासमोर सोळा जणांच्या विरोधी गटाकडे सभागृह थांबवून उत्तर मागण्याइतकंच हत्यार शिल्लक असतं. ते बोथट झालं. विरोधकांचा राग साठत गेला आणि १८ डिसेंबर १९५४ रोजी सभापतींना पदावरून दूर करण्याचा प्रस्ताव विघ्नेश्वर मिश्र यांनी मांडला. स्थगन प्रस्ताव आणि प्रश्न नाकारले जातात, सभापती निष्पक्ष राहिलेले नाहीत, असा आरोप होता. आसनावर उपसभापती अनंतशयनम अय्यंगार होते. नेहरूंनी आपल्या पक्षाच्या सदस्यांना सांगितलं की या प्रश्नावर पक्षादेश नाही, प्रत्येकाने आपल्या बुद्धीने मत द्यावं. प्रस्ताव फेटाळला गेला. स्वतःविरुद्धची फिर्याद अशी भर सभागृहात ऐकली जाणं हे मावळंकरांसारख्या माणसाला खुपलं असणारच, पण सुनावणी झाली, आणि ती व्हायलाच हवी होती.

पहिला जो वाद मी सुरुवातीला म्हटला, तो एक दशांशाचा. विरोधी पक्ष म्हणून मान्यता हवी असेल तर सभागृहाच्या एक दशांश, म्हणजे गणपूर्तीइतके सदस्य हवेत, असा दंडक मावळंकरांनी घालून दिला. त्यामागे कारण होतं. पहिल्या लोकसभेत विरोधकांत सर्वांत मोठे कम्युनिस्ट, तेही फक्त सोळा. बाकी सगळे विखुरलेले. एकत्र येऊन पर्यायी सरकार देऊ शकेल असा पक्ष उभा राहावा, अशी त्यांची इच्छा होती. परिणाम असा झाला की लोकसभेला अधिकृत विरोधी पक्षनेता मिळायला १९६९ साल उजाडलं. २०१४ आणि २०१९ मध्ये काँग्रेसला अनुक्रमे ४४ आणि ५२ जागा मिळाल्या, त्या ५५ च्या आत म्हणून ते पद रिकामं राहिलं. आणि २०२४ मध्ये आपल्या विधानसभेत २८८ चा दहावा भाग २९ धरला गेला, सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाकडे २० आमदार, म्हणून इथेही खुर्ची रिकामी. मावळंकरांनी हा नियम विरोधक मोठे व्हावेत म्हणून केला. तो विरोधक लहान असताना त्यांना बाहेर ठेवायला वापरला जाईल, हे त्यांना दिसायला हवं होतं. दिसलं नाही.

दुसरा वाद त्याहून खोल जातो. ब्रिटिश सभापती आसनावर बसला की पक्ष सोडतो, आणि त्याच्या मतदारसंघात त्याच्याविरुद्ध मोठे पक्ष सहसा कोणाला उभं करत नाहीत. मावळंकरांना ही रीत भारतात यावी असं मनापासून वाटत होतं. पण ती येईपर्यंत स्वतः काँग्रेसचं सदस्यत्व सोडायला ते तयार नव्हते. पक्षाने संरक्षण द्यायचं नाही आणि सभापतीने मात्र पक्ष सोडायचा, हा व्यवहार त्यांना एकतर्फी वाटे. गांधीजींबरोबर काढलेली वीस-पंचवीस वर्षं आसनाच्या पायरीशी काढून ठेवता येत नाहीत, हेही खरं. सभागृहात मात्र आपला-परका करणार नाही, असं त्यांनी सांगितलं आणि बहुतांशी पाळलं. १९६७ मध्ये नीलम संजीव रेड्डींनी सभापती होताच काँग्रेस सोडली. ती प्रथा रुजली नाही.

मावळंकरांच्या काळी सभापतीने पक्षात राहण्याच्या या त्रुटीची किंमत फारशी कोणाला मोजावी लागली नाही. सभापती फार तर स्थगन प्रस्ताव नाकारी. १९८५ मध्ये दहावं परिशिष्ट आलं आणि पक्ष बदलणाऱ्या सदस्याला अपात्र ठरवण्याचा अधिकार सभापतीकडे गेला. म्हणजे पक्षाचा सदस्य असलेला माणूस आपल्याच पक्षाच्या भांडणात न्यायाधीश झाला. जिल्हा कोर्टात न्यायाधीशाचा चुलतभाऊ पक्षकार निघाला तरी प्रकरण दुसऱ्या न्यायालयात जातं, हे तुम्हाला ठाऊक आहे. महाराष्ट्रात शिवसेना फुटल्यावर २०२२ च्या जून-जुलैत दाखल झालेल्या अपात्रतेच्या याचिकांवर निर्णय आला १० जानेवारी २०२४ रोजी, तोही सर्वोच्च न्यायालयाने मुदती घालून दिल्यावर. निर्णय बरोबर की चूक, यात मी शिरत नाही. दीड वर्ष लागलं, एवढंच पुरे.

मावळंकर २७ फेब्रुवारी १९५६ रोजी अहमदाबादेत वारले, सदुसष्टाव्या वर्षी, पदावर असतानाच. त्यांच्या जागी पत्नी सुशीलाबाई बिनविरोध निवडून गेल्या. मुलगा पुरुषोत्तम १९७२ च्या पोटनिवडणुकीत अपक्ष म्हणून लोकसभेत गेला आणि आणीबाणीत त्याच सभागृहात उभा राहून आणीबाणीविरुद्ध बोलला. वडिलांनी जे केलं नाही ते मुलाने केलं : कोणत्याही पक्षाचं नाव न लावता तो त्या सभागृहात बसला.

आपल्याकडे एक काम शिल्लक आहे. २१ जानेवारी २०२० रोजी मणिपूरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुचवलं की अपात्रतेचे निवाडे सभापतींकडून काढून निवृत्त न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे देण्याचा संसदेने विचार करावा. संसदेने तसा कायदा अजून केलेला नाही. या वकील संघाला माझी विनंती आहे की याच महिन्यात तसा ठराव करावा आणि या जिल्ह्यातून निवडून गेलेल्या प्रत्येक खासदाराला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, पाठवावा. पोच मागायला विसरू नका.